गाजर गवत 14 ऑगस्टला नाही, जुलैतच उपटा. मोकळ्या जागी हरळी लावा

परभणी : दरवर्षी झेंडावंदन जवळ आलं की गावोगावी शाळेच्या मैदानाची साफसफाई सुरू होते. कुणी विळा आणतो, कुणी ग्रास कटर. एका दिवसात मैदान स्वच्छ दिसतं. पण दिवाळीनंतर त्याच जागी गाजर गवत पुन्हा गुडघाभर उभं राहतं. यात गावाची मेहनत कमी पडत नाही, तर वेळ चुकते.

उशीर कुठं होतो?

मृगाचा पाऊस पडला की गाजर गवत उगवतं आणि साधारण महिना-दीड महिन्यात त्याला पांढरी फुलं येतात. म्हणजे 14 ऑगस्टला आपण कापायला जातो तेव्हा जूनमध्ये उगवलेली झाडं बी धरून बसलेली असतात. एका झाडाला 10 ते 25 हजार बिया येतात. कटर फिरवला की त्याच बिया मैदानभर पसरतात. बुडखा जमिनीत राहिला तर त्याला पुन्हा फुटवे येतात ते वेगळंच.

हे गवत मूळचं अमेरिका खंडातलं. आपल्याकडं त्याची नोंद 1955 च्या सुमारास पुण्यात झाली. त्याच काळात परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर ते पसरलं असं मानलं जातं. 'काँग्रेस गवत' हे नावही तेव्हापासूनचं. याच्या परागामुळं शिंका, दमा आणि अंगाला खाज सुटते. लेकरं त्याच मैदानावर अनवाणी खेळतात, म्हणून हा प्रश्न केवळ मैदान चांगलं दिसण्याचा नाही.

उपटायचं कसं?

जूनअखेर ते जुलै, जमीन ओली असताना, फुलं येण्याआधी मुळासकट उपटावं. हातमोजे घालावेत, तोंडाला रुमाल बांधावा. हे काम लहान मुलांना लावू नये. फुलं नसलेलं गवत खड्ड्यात टाकून कंपोस्ट करता येतं. फुलं आलेलं मात्र खतात घालू नये.

तणनाशकाचा सोपा मार्ग मैदानावर उलटतो. ग्लायफोसेट हे गाजर गवताबरोबर चांगलं गवतही मारतं आणि जमीन उघडी पडते. शिवाय केंद्र सरकारनं ऑक्टोबर 2022 मध्ये अधिसूचना काढून त्याची फवारणी फक्त परवानाधारक कीड नियंत्रण व्यावसायिकांपुरती मर्यादित केली आहे.

गावाभोवतीच्या पडीक जागेसाठी मेक्सिकन भुंगा उपयोगी पडतो. हा भुंगा 1980 च्या दशकात मेक्सिकोतून भारतात आणला गेला. तो आणि त्याच्या अळ्या गाजर गवताची पानं खाऊन झाड वाळवतात. पावसाळ्यात तो कामाला लागतो, थंडी-उन्हाळ्यात जमिनीत दडून राहतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात या भुंग्यांची पैदास केली जाते. भुंगे सोडलेल्या जागी फवारणी करू नये.

उघडी जमीन ठेवू नका

नुसतं उपटून भागत नाही. रिकाम्या जागी तेच पुन्हा येतं. तिथं हरळी धरली तर गाजर गवताच्या बीला उगवायला जागाच राहत नाही.

शेतकऱ्याला हरळीचं नाव काढलं तरी राग येतो, आणि तो बरोबर आहे. पण शेतातली ही वैरीण मैदानावर कामाची आहे. गणपतीला वाहतात त्या दूर्वा म्हणजे हीच हरळी. शहरातल्या बागांमध्ये, खेळाच्या मैदानांवरही हिच्याच जाती लावतात. बेणं विकत आणायची गरज नाही. निंदणीत, वखरणीत निघालेली हरळी बांधावर फेकतो, तीच वापरायची. फक्त तिच्यात लव्हाळ्याच्या गाठी येऊ देऊ नयेत.

कोणत्या हंगामात काय करायचं?

* जून-जुलै : आपली काळी जमीन पाणी धरते, म्हणून आधी मैदानाला थोडा उतार आणि कडेनं चारी काढावी. मग दोन-तीन डोळ्यांचे तुकडे करून वीतभर अंतरावर लावावेत, वरून माती दाबावी.
* ऑगस्ट-सप्टेंबर : साधारण दीड महिन्यानं पहिली कापणी, पुढं दर 10 ते 15 दिवसांनी. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये. गवत आखूड राहिलं की सापाला दडायला जागा राहत नाही. चिखल असताना कापणी नको, खेळही नको, जमीन दबून बसते. जोम कमी वाटला तर गुंठ्याला अर्धा किलो युरिया, पानं कोरडी आणि जमीन ओली असताना टाकावा.
* डिसेंबर-जानेवारी : थंडीत हरळी पिवळी पडते, ती मेलेली नसते. खत देऊ नये.
* एप्रिल-मे : प्यायला पाणी कमी असताना गवताला टँकर लावायची गरज नाही. वरून वाळली तरी हरळी मुळातून जगते आणि पहिल्या पावसात फुटते. वाळलेलं गवत पेटवू नये.

शेणखत टाकायचं असेल तर पूर्ण कुजलेलं आणि चाळलेलं टाकावं. कच्च्या खतातून गाजर गवताचं बी परत मैदानात येतं.

मैदान शेताला लागून असेल तर मधी चारी खोल ठेवावी आणि कडेची हरळी वेळच्या वेळी खणून काढावी, नाहीतर ती सोयाबीनमध्ये शिरेल आणि शेजाऱ्याशी भांडण लागेल.

देशभर 16 ते 22 ऑगस्ट हा गाजर गवत जनजागृती सप्ताह पाळला जातो. त्या आठवड्यात गावानं मैदानावर एक फेरी मारून चुकून राहिलेली झाडं वेचावीत. मुख्य काम मात्र जुलैतच उरकलेलं असावं. शाळा व्यवस्थापन समिती आणि ग्रामपंचायतीनं शाळा उघडल्यावर पहिल्याच बैठकीत त्याची तारीख ठरवली, तर 15 ऑगस्टला लेकरं हिरव्या गवतावर उभी राहतील.