हातांची फळी आणि चेंडूची वाट



व्हॉलिबॉल खेळताना समोरून सर्व्हिस आली, तुम्ही दोन्ही हात जुळवून चेंडू घेतलात आणि तो आपल्या गड्याकडे न जाता मैदानाबाहेर गेला, असे तुमच्या बाबतीत घडले आहे का? मी शाळेत असताना माझ्या बाबतीत ते रोज घडे. ‘तुझ्या हातांत जोर नाही’ असे सारे म्हणत. म्हणून मी कित्येक महिने जोर-बैठका काढल्या. अंगात जोर आला, पण पास सुधारला नाही आणि संघातही जागा मिळाली नाही. चूक जोराची नसून कोनाची होती, हे पुढे प्रकाशाचे परावर्तन शिकताना उमगले. तुम्ही मात्र ते घरच्या घरी पडताळून पाहू शकता.

प्रयोग पहिला : एक लहान आरसा घेऊन उन्हाचा कवडसा सावलीतल्या भिंतीवर पाडा. आता आरसा किंचित कलवा. कवडसा केवढा सरकतो! आरसा ५ अंशांनी फिरला की आपाती कोन ५ अंशांनी बदलतो आणि परावर्तन कोनही तेवढाच बदलतो. म्हणून परावर्तित किरण एकूण १० अंशांनी वळतो. चेंडू म्हणजे काही प्रकाशकिरण नव्हे. आदळताना त्याची थोडी ऊर्जा खर्च होते, शिवाय घर्षण आणि फिरकी यांचाही परिणाम होतो. तरीही ढोबळमानाने हाच हिशेब लागू पडतो. तुमच्या हातांची फळी ५ अंश चुकली, तर चेंडूची दिशा सुमारे १० अंश चुकेल आणि ६ मीटरवर उभ्या असलेल्या गड्यापासून तो सुमारे १ मीटर दूर जाईल. म्हणून चेंडूवर हात झोकू नका. कोपरे ताठ ठेवा, फळी स्थिर धरा, आधी पावले टाकून चेंडूच्या मागे जा आणि वर उचलण्याचे काम गुडघ्यांना करू द्या.

प्रयोग दुसरा : चेंडू ओल्या फडक्याने पुसा आणि मित्राला तो हलकेच तुमच्याकडे टाकायला सांगा. पास दिल्यावर ओला डाग कोठे उमटला ते पाहा. तो मनगट आणि कोपर यांच्या मधल्या सपाट भागावर, दोन्ही हातांवर सारखा हवा. अंगठ्यांवर डाग दिसला, तर पृष्ठभाग उंचसखल असल्याने चेंडू भलतीकडे जाणार हे उघड आहे.

प्रयोग तिसरा : घराबाहेर बिनखिडकीची एखादी भिंत शोधा. पुरुषांच्या सामन्यात जाळे २.४३ मीटर आणि महिलांच्या सामन्यात २.२४ मीटर उंच असते. तेवढ्या उंचीवर खडूने रेघ मारा आणि रेघेच्या वर एक वर्तुळ काढा. २ मीटर दूर उभे राहून २० पास द्या. वर्तुळात किती लागले ते रोज वहीत टिपा आणि महिनाअखेर त्याचा आलेख काढा.

प्रयोग चौथा : अंगणात चेंडू सरळ वर उडवत राहा. हातांपासून १ मीटर वर गेलेला चेंडू सुमारे ०.९ सेकंदाने परत येतो. तोच ४ मीटर वर गेला, तर सुमारे १.८ सेकंद लागतात. उंची चौपट झाली की वेळ दुप्पट होतो, कारण वेळ हा उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. उंच पास दिल्यास पुढच्या गड्याला चेंडूखाली पोहोचायला वेळ का मिळतो, ते यावरून कळेल. फार उंच पास मात्र आवरणे अवघड जाते.

एक शंका उरते. सर्व्हिस वेगाने आली तर काय करायचे? क्रिकेटमध्ये झेल घेताना हात मागे नेतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. तसेच येथेही करा. चेंडू लागताच फळी तशीच ठेवून किंचित मागे येऊ द्या. संवेग बदलायला अधिक वेळ मिळतो, त्यामुळे बल कमी पडते आणि चेंडू फार दूर उडत नाही.

शिक्षकांनी परावर्तनाचा धडा एखादे दिवशी मैदानावर घ्यायला हरकत नाही. आणि तुमच्या वर्गात ‘हातात जोर नाही’ म्हणून कडेला बसवलेला कोणी मित्र किंवा मैत्रीण असेल, तर तो कवडसा त्यांना आधी दाखवा.