रडार डिटेक्टर : दंड चुकविण्याचे यंत्र कितपत उपयोगाचे?

मोटारीच्या समोरील काचेवर चिकटविलेली, पत्त्यांच्या जोडाएवढी एक काळी डबी. पुढे रस्त्यात कोठे पोलीस वेग मोजत असतील, तर ती शिटी वाजवून चालकाला सावध करते. अमेरिकेत हे रडार डिटेक्टर गेली अनेक दशके उघडपणे विकले जातात. आपल्याकडे द्रुतगती मार्गांवर कॅमेरे बसले आणि ई-चलनाचा संदेश थेट भ्रमणध्वनीवर येऊ लागला, तेव्हापासून परदेशातील एखाद्या नातलगाकडून असे यंत्र मागवावे का, असा प्रश्न वाहनचालकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे.

‘रडार डिटेक्टर’ला मराठीत ‘रडारशोधक’ म्हणता येईल. मात्र भाषांतराच्या दृष्टीने तो शब्द थोडा फसवा आहे. हे यंत्र काहीही शोधत नाही. ते फक्त ऐकते. ठरावीक कंप्रतेच्या सूक्ष्म लहरी आसपास आहेत का, एवढेच ते सतत पाहत असते. म्हणजेच, पोलिसांनी आपले यंत्र सुरू केले असेल तरच त्याला काही ऐकू येणार. ही साधी गोष्ट लक्षात ठेवली, तर पुढील सारा विषय सोपा होतो.

पोलिसांचे रडार सूक्ष्म लहरींचा झोत वाहनावर सोडते आणि परत आलेल्या लहरी तपासते. वाहन जवळ येत असेल तर परतलेल्या लहरींची कंप्रता किंचित वाढलेली असते. ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ ख्रिश्चन डॉप्लर यांनी १८४२ मध्ये मांडलेल्या तत्त्वावर हे मोजमाप आधारलेले आहे. अमेरिकी पोलीस वापरत असलेल्या ‘के’ पट्ट्यातील रडारची कंप्रता २४.१५ गिगाहर्ट्झ असते. ताशी १०० किलोमीटर वेगाने समोरून येणाऱ्या मोटारीमुळे त्यात सुमारे ४,४७० हर्ट्झचा फरक पडतो. अब्जावधींच्या तुलनेत हा फरक नगण्य वाटेल, पण यंत्राला तो अचूक मोजता येतो.

या पद्धतीतच डिटेक्टरचे बळ दडलेले आहे. रडारच्या लहरींना वाहनापर्यंत जाऊन परत यावे लागते आणि जाता-येता दोन्ही वेळा त्या क्षीण होतात. डिटेक्टरला मात्र फक्त जाणारी लहर पकडायची असते. अंतर दुप्पट झाले तर डिटेक्टरपर्यंत पोहोचणारी शक्ती चौथ्या हिश्शावर येते. रडारकडे परतणारी शक्ती मात्र सोळाव्या हिश्शावर घसरते. त्यामुळे रडारला वाहनाचा वेग कळण्यापूर्वीच, कित्येकदा एखाद-दीड किलोमीटर अंतरावरून, डिटेक्टरला रडारचा सुगावा लागू शकतो. चढउताराच्या किंवा वळणाच्या रस्त्यावर हे अंतर बरेच कमी होते, हेही खरे.

रस्त्यावरील वेग मोजण्यासाठी रडारचा वापर सर्वप्रथम अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, तेथील ग्लास्टनबरी येथे त्याची चाचणी घेण्यात आली. डिटेक्टरला खरी मागणी आली ती १९७३ च्या तेलसंकटानंतर. इंधन वाचविण्यासाठी १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८९ किलोमीटर, अशी कमाल वेगमर्यादा लागू झाली. मोकळ्या, सरळ महामार्गांवर ती मर्यादा असंख्य चालकांना जाचक वाटली. १९७८ मध्ये ‘एस्कॉर्ट’ नावाचा अधिक संवेदनशील डिटेक्टर टपालाने मिळू लागला आणि या यंत्रांचा एक स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला. ती देशव्यापी मर्यादा १९९५ मध्ये रद्द झाली. डिटेक्टर मात्र टिकून राहिले.

पोलिसांनीही यावर उपाय शोधले. रडार सतत चालू न ठेवता ते सज्ज ठेवायचे आणि वाहन टप्प्यात आल्यावरच कळ दाबायची, हा त्यांतील सर्वांत सोपा उपाय. अशा वेळी डिटेक्टर वाजतो खरा, पण तो वाजेपर्यंत वेगाची नोंद झालेली असते. आपल्या पुढे अर्धा-एक किलोमीटरवर दुसरे वाहन असेल आणि त्याचा वेग मोजला जात असेल, तर भरकटलेल्या लहरींमुळे आपल्याला इशारा मिळू शकतो. रात्रीच्या वेळी रिकाम्या रस्त्यावर एकट्याने जाणाऱ्या चालकाला हा लाभ नाही. तेथे पहिले सावज तोच असतो.

दुसरा उपाय अधिक परिणामकारक ठरला. लेझर गन अवरक्त प्रकाशाची अतिसूक्ष्म स्पंदने सोडते आणि ती परत येण्यास लागणाऱ्या वेळेतील बदलावरून वेग काढते. रडारचा झोत दूर जाताना पसरतो, अनेक वाहनांना व्यापतो. लेझरचा झोत तीनशे मीटर अंतरावरही जेमतेम मीटरभर रुंद असतो. तो नेमका एका वाहनाच्या क्रमांकपट्टीवर किंवा दिव्यावर रोखता येतो आणि मोजमाप अर्ध्या सेकंदाच्या आत संपते. लेझर ओळखण्याची सोय आजच्या बहुतेक डिटेक्टरांत असते, परंतु तिचा इशारा बहुधा ‘आता तुमचा वेग मोजला गेला’ एवढेच सांगतो.

खोट्या इशाऱ्यांची डोकेदुखी वेगळीच. दुकानांचे आपोआप उघडणारे दरवाजे आणि शेजारच्या मोटारीतील ‘ब्लाइंड स्पॉट’ची सूचना देणारे संवेदक याच कंप्रतेच्या आसपास काम करतात. स्वस्त डिटेक्टर शहरात शिरताच अखंड वाजू लागतो आणि सतत लांडगा आल्याची हाकाटी ऐकलेला चालक अखेर त्याचा आवाज बंद करून टाकतो. महागडी यंत्रे उपग्रहाधारित स्थाननिश्चितीच्या साहाय्याने असे कायमचे स्रोत लक्षात ठेवतात. त्यांची किंमत अमेरिकेत काही शे डॉलर असते.

जिथे लहरच नाही, तिथे मात्र कोणताही डिटेक्टर निरुपायच असतो. सरासरी वेग मोजणारी पद्धत ही अशीच. रस्त्यावर दोन ठिकाणी कॅमेरे वाहनाची क्रमांकपट्टी वाचतात आणि दोन्ही नोंदींमधील वेळेवरून वेगाचे गणित मांडले जाते. कॅमेरे १० किलोमीटर अंतरावर असतील आणि मोटारीने ते अंतर ५ मिनिटांत कापले असेल, तर सरासरी वेग ताशी १२० किलोमीटर होतो. कॅमेऱ्याजवळ ब्रेक दाबून येथे काहीच साधत नाही. जगभर प्रसिद्ध असलेला ‘गॅट्सो’ हा वेगमापक कॅमेरा ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते नेदरलँड्सचे मॉरिस गॅट्सोनिडेस हे मोटारशर्यतपटू होते आणि १९५३ ची मॉन्टे कार्लो रॅली त्यांनी जिंकली होती. वळणावर आपला वेग आणखी कसा वाढवता येईल, हे तपासण्यासाठी त्यांनी हे वेगमापन सुरू केले होते!

कायद्याची बाजूही पाहावी लागते. अमेरिकेत खासगी मोटारीत डिटेक्टर ठेवण्यास बहुतेक राज्यांत मुभा आहे. व्हर्जिनिया राज्यात आणि राजधानी वॉशिंग्टनमध्ये मात्र बंदी आहे. आंतरराज्य वाहतूक करणाऱ्या मोठ्या व्यावसायिक वाहनांनाही तो वापरता येत नाही. न्यू जर्सीतील एखादे मराठी कुटुंब मोटारीने दक्षिणेकडे सहलीला निघाले, तर घरून निघताना कायदेशीर असलेली वस्तू काही तासांतच बेकायदा ठरते. डिटेक्टरच्या आतील मंडलातून अत्यंत क्षीण लहरी बाहेर झिरपतात आणि त्या टिपणारी यंत्रे पोलिसांपाशी असतात. चोरावर मोर म्हणतात, तो प्रकार हाच. जर्मनीत वाहन चालवताना डिटेक्टर वापरण्यास मनाई आहे. फ्रान्समध्येही तो निषिद्ध आहे.

काही विक्रेते डिटेक्टरसोबत रडार निकामी करणारे ‘जॅमर’ही पुढे करतात. ही वस्तू सर्वस्वी निराळी आहे. डिटेक्टर ऐकतो, तर जॅमर मुद्दाम लहरी सोडून मोजमापात अडथळा आणतो. अमेरिकेत रडार जॅमरवर संघीय बंदी आहे. भारतातही दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये सूचना काढून, विशेष परवानगीवाचून संदेश-अवरोधक उपकरणांचा वापर बेकायदा असल्याचे स्पष्ट केले आहे.

तेव्हा घ्यावा की न घ्यावा? अमेरिकेतील ग्रामीण महामार्गांवर, जिथे अजूनही रडारच अधिक वापरले जाते, तेथे चांगल्या प्रतीच्या यंत्राचा काही उपयोग निश्चितच आहे. तेथे एका दंडामुळे पुढील काही वर्षांचा विम्याचा हप्ताही वाढू शकतो, त्यामुळे खर्चाचे गणित काही जणांना पटते. भारतात ते पटण्याजोगे नाही. महामार्ग पोलिसांच्या इंटरसेप्टर वाहनांत प्रामुख्याने लेझर गन असतात. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कॅमेऱ्यांवर आधारित वाहतूक व्यवस्थापन प्रणाली कार्यरत असून तीत सरासरी वेगाच्या नोंदीचाही समावेश आहे. स्थिर कॅमेऱ्यांपैकी काही रडारवर चालतात, पण ते कोठे आहेत हे सांगण्यासाठी हजारो रुपयांच्या यंत्राची गरज नाही. मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये समाविष्ट झालेल्या १६७-अ या नियमानुसार, अशी देखरेख असलेल्या टप्प्यापूर्वी ठळक सूचनाफलक लावणे राज्य सरकारांवर बंधनकारक आहे. भ्रमणध्वनीवरील नकाशेही अनेक ठिकाणी कॅमेऱ्याची पूर्वसूचना देतात, तीही विनामूल्य.

दंडाची रक्कम पाहिली तरी हेच दिसते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हलक्या वाहनाने वेगमर्यादा ओलांडल्यास १ ते २ हजार रुपये आणि मध्यम व अवजड वाहनाने ओलांडल्यास २ ते ४ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. चाळीस हजारांचे यंत्र घेतले, तर त्याची किंमत वसूल होण्यासाठी त्याने किमान वीस दंड चुकवावे लागतील. तेही त्याला ऐकूच न येणाऱ्या लेझर आणि कॅमेऱ्यांच्या रस्त्यांवर!

पैशांचा हा हिशेब बाजूला ठेवून आणखी एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाच्या मोटारीच्या चालकाला अडथळा दिसून ब्रेक दाबण्यास एक सेकंद लागला, असे धरू. कोरड्या रस्त्यावर ती मोटार साधारण ८४ मीटर अंतरात थांबते. तिच्याशेजारून ताशी १२० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीला त्याच स्थितीत सुमारे ११४ मीटर लागतात. यातील तीस मीटरचा फरक किरकोळ वाटतो. परंतु पहिली मोटार जेथे पूर्ण थांबलेली असते, त्याच ठिकाणी दुसरीचा वेग ताशी ७० किलोमीटरहून अधिक असतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा बळी गेला आणि त्यांपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगामुळे झालेल्या अपघातांतील होते.

याचा अर्थ यंत्राने दाखविलेला प्रत्येक वेग बरोबरच असतो, असा नव्हे. शेजारच्या वाहनाचा वेग आपल्या नावावर लागणे, क्रमांक चुकीचा वाचला जाणे, असे प्रकार होऊ शकतात. चुकीच्या दंडाची धास्ती असणाऱ्या चालकाला डिटेक्टरपेक्षा नियमांची माहिती अधिक उपयोगी पडेल. उक्त नियमानुसार वेगमापक उपकरणास राज्य सरकारच्या नियुक्त प्राधिकाऱ्याचे मान्यता प्रमाणपत्र असावे लागते. चलनासोबतच्या पुराव्यात क्रमांकपट्टीचे छायाचित्र, मोजलेला वेग, दिनांक, वेळ आणि ठिकाण यांचा उल्लेख अपेक्षित असतो. वाहनांचा वेग मोजणारी रडार उपकरणे १ जुलै २०२५ पासून वैध मापनाच्या नियमांखालीही आली असून, दुकानातील तराजूप्रमाणे त्यांचीही पडताळणी आणि मुद्रांकन आवश्यक ठरले आहे. चलन हाती पडताच छायाचित्रातील वाहन आपलेच आहे का, नोंदविलेले ठिकाण व वेळ जुळते का आणि त्या टप्प्यावरील वेगमर्यादा किती होती, हे तपासावे. तफावत आढळल्यास ई-चलनाच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदविता येते आणि दंड अमान्य असल्यास न्यायालयात दाद मागण्याचा मार्गही खुला असतो.