अक्षर आलं 'झ'!

मुलांनो, एस.टी. सुटली की पहिल्या दहा मिनिटांत काय सुरू होतं? बरोब्बर! गाण्यांच्या भेंड्या.

आमच्या मंठ्याच्या मुलांची सहल निघाली होती जांबला. जांब म्हणजे जालना जिल्ह्यातल्याच घनसावंगी तालुक्यातलं समर्थ रामदासांचं जन्मगाव. १६०८ साली समर्थ तिथं जन्मले. गाडी परतूरच्या रस्त्याला लागली आणि डावीकडच्या खिडक्या विरुद्ध उजवीकडच्या खिडक्या असा सामना जुंपला. पाठीमागच्या सीटवर डब्यांची पिशवी सांभाळत शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी बसल्या होत्या. त्या नुसत्या हसत ऐकत होत्या.

थोड्याच वेळात भांडण झालं. एका गाण्याच्या शेवटी आला 'ळ'. डावीकडचे ओरडले, "ळ वरून म्हणा!" उजवीकडचे म्हणाले, "ळ वरून गाणं असतं का कुठं? ल घेणार!" निकाल माझ्याकडे आला. मी 'ल' दिला. कारण साधं आहे. बाळ, केळं, फळा असे शब्द मराठीत भरपूर, पण 'ळ' नेहमी मधे नाहीतर शेवटी. 'ळ'ने सुरू होणारा रोजच्या वापरातला शब्द शोधून दाखवा बघू! 'ण'चंही तेच.

आता गंमत ऐका. जपानमधली मुलंही असाच एक खेळ खेळतात. त्याचं नाव 'शिरीतोरी', म्हणजे मागचं टोक धरणं. एकानं शब्द म्हणायचा, दुसऱ्यानं त्याच्या शेवटच्या अक्षरावरून नवा शब्द म्हणायचा. त्यांच्याकडेही एक 'ळ' आहे बरं का! तो म्हणजे नुसता 'न्'. जपानी शब्द 'न्'ने संपतात, पण सुरू होत नाहीत. मग ते काय करतात? आपल्यासारखी सवलत देत नाहीत. ज्याचा शब्द 'न्'ने संपला, तो सरळ हरला!

जांबला पोचलो, दर्शन झालं, डबे उघडले. जेवण झाल्यावर मुलांना म्हटलं, आता मनाच्या श्लोकांच्या भेंड्या लावू. मनाचे श्लोक आहेत २०५. पहिला सुरू होतो 'ग'ने, कारण सुरुवातीला मान गणपतीचा. पण मुलांच्या लवकरच लक्षात आलं की 'म' आला की चंगळ. समर्थ मनालाच हाका मारत बोलतात ना, म्हणून 'म'चे श्लोक ढिगानं. उलट, एके ठिकाणी लागोपाठ दहा श्लोकांचा शेवटचा चरण एकच आहे आणि त्याचं शेवटचं अक्षर 'चा'. असा श्लोक म्हटला की समोरच्यापुढे 'च' येऊन उभा. मग डोकं खाजवत बसा!

"सर, जपानमध्ये गाण्यांच्या भेंड्या नसतात का?" एका मुलीनं विचारलं.

असतात, पण निराळ्या. जपानी भाषेत गाणं आणि कविता दोन्हींना 'उता' हा एकच शब्द आहे. सुमारे आठशे वर्षांपूर्वी फुजिवारा नो तेइका नावाच्या कवीनं शंभर कवींची एकेक उता निवडली, असं मानतात. त्या संग्रहाचं नाव 'ह्याकुनिन इश्शु', म्हणजे शंभर माणसं, प्रत्येकाची एक कविता. प्रत्येक कविता साधारण ३१ अक्षरांची.

या शंभर कवितांचा पत्त्यांसारखा खेळ आहे. त्याला म्हणतात 'कारुता'. दोन खेळाडू जमिनीवर समोरासमोर बसतात. शंभरांपैकी ५० पत्ते मांडायचे, प्रत्येकापुढे २५. पत्त्यावर कवितेचा फक्त उत्तरार्ध लिहिलेला असतो. वाचणारा मात्र कविता सुरुवातीपासून, सूर लावून वाचतो. ती ओळखून तिचा पत्ता समोरच्याच्या आधी हातानं उडवायचा. पूर्ण कविता ऐकत बसलात तर गेलात! चांगले खेळाडू पहिल्याच अक्षराला झेपावतात.

पण पहिल्या अक्षरावरून कविता कळणार कशी? इथंच खरी मजा आहे. आपण भेंड्या खेळताना काना, मात्रा, वेलांटी सोडून देतो. 'चा' आला तरी 'च'. जपानीत मा, मि, मु, मे, मो ही पाच वेगवेगळी अक्षरं. त्या शंभर कवितांत मु, सु, मे, फु, सा, हो, से या सात अक्षरांची प्रत्येकी एकच कविता आहे. 'मु' कानावर पडला की संपलं, हात पत्त्यावर! मुलं ही सात अक्षरं एकाच शब्दासारखी घोकतात, मुसुमेफुसाहोसे. 'अ'च्या मात्र १६ कविता. तिथं पुढची अक्षरं ऐकावी लागतात. सहा कविता तर अशा आहेत की सहावं अक्षर ऐकल्याशिवाय कोणती ते कळतच नाही. घाई करून चुकीकडे हात गेला तर दंड! दर जानेवारीत ओत्सू गावच्या ओमी देवस्थानात या खेळाची मोठी अजिंक्यपदाची लढत होते. त्या देवस्थानाचं दैवत आहे सम्राट तेन्जी. शंभरातली पहिली कविता त्याचीच!

परतीच्या वाटेवर अंधार पडला. सामना रंगात आला होता आणि डावीकडच्यांवर आला 'झ'. आठवतील ती गाणी सकाळीच होऊन गेलेली, परत म्हणायची नाहीत. उजवीकडचे आकडे मोजू लागले. एक... दोन... तीन... सात... आठ...

तेवढ्यात मागच्या सीटवरून बारीक सूर आला. मावशी गात होत्या! पहाटे उठून अंगण झाडणाऱ्या सासुरवाशिणीची ती ओवी होती. सुरुवात 'झ'नेच. गाडी चिडीचूप.

"हे चालणार नाही! हे सिनेमातलं नाही!" एक जण ओरडला. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, "भेंड्या गाण्यांच्या आहेत. हे गाणं नाही का?" तो गप्प झाला. डावीकडचे नाचायलाच लागले.

"मावशी, अजून म्हणा ना!"

"मला काय येतंय सर! आईसंगं जात्यावर दळताना म्हणत होतो. गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं. आता काही ध्यानात नाही बघा. ह्या लेकरांनी 'झ' म्हटलं अन् आपोआप तोंडात आली."

मग काय! मुलांनी एकेक अक्षर द्यावं, मावशींनी डोळे मिटून थोडं थांबावं, आणि ओवी यावी. 'द', 'प', 'स', 'र'... मंठा येईपर्यंत अकरा ओव्या झाल्या. ज्यांना 'काही येत नाही' अशा मावशींच्या!

मुलांनो, अक्षर म्हणजे विहिरीत पडलेली बादली काढायचा गळ असतो. बादली खाली असतेच, गळ टाकणारा पाहिजे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी गावोगाव हेच केलं. बायांपाशी बसून त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आपल्या आजीच्या ओव्या त्यात असतील असं मात्र धरून चालू नका. त्या कदाचित फक्त आजीपाशीच असतील.

आज मोबाइलवर 'झ'ची गाणी शोधली तर पन्नास सापडतील. पण त्यात आजीची ओवी कुठली असायला?

म्हणून या सुट्टीत एक काम करा. एक शंभरपानी वही घ्या. अ पासून ज्ञ पर्यंत प्रत्येक अक्षराला दोन पानं ठेवा. आजी, मावशी, शेजारच्या काकू, सगळ्यांना रोज एकच अक्षर द्या आणि जे गाणं येईल ते त्यांच्याच शब्दांत लिहा. खाली त्यांचं नाव आणि गाव लिहायला विसरू नका. आई-बाबांनो, तुम्हीही संध्याकाळी टीव्ही जरा बंद ठेवा आणि मुलांच्या शेजारी बसा.

आणि हो, 'ळ'ची दोन पानं सोडू नका. तिथं 'ल'ची गाणी लिहा!