ग्रामसभेतील खुला निर्णय व खाजगी विचारविनिमय

ग्रामसभेतील खुला निर्णय व खाजगी विचारविनिमय यांचा मेळ घालणे हा स्थानिक स्वशासनातील जुना पेच आहे. गावाचा कारभार सर्वांसमक्ष चालावा, ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु प्रत्येकाला आपले मत सर्वांसमक्ष मांडता येतेच असे नाही.

गावाच्या मतदार यादीतील सर्व व्यक्ती मिळून ग्रामसभा होते. ७३व्या घटनादुरुस्तीने (अंमल २४ एप्रिल १९९३) तिला घटनात्मक स्थान मिळाले. महाराष्ट्रात नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची कायदेशीर तरतूद आहे. सासरा, दीर आणि गावकीतील वडीलधारे समोर बसले असता पाण्याविषयी वा दारूविषयी स्पष्ट बोलणे अनेक स्त्रियांना अवघड जाते. ही तरतूद कागदावर उरली, तर ग्रामसभेतला खुलेपणा बोलक्या पुरुषांपुरताच राहतो. दारूचे दुकान बंद करण्याबाबतचे मतदानही गुप्त असते. मतपत्रिकेवरील 'आडवी बाटली' व 'उभी बाटली' ही चिन्हे आता खेड्यापाड्यांत परिचित झाली आहेत. प्रचार उघड असला, तरी कौल कोणी कोणता दिला हे दुकानदाराला कळत नाही.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने वेगळी वाट काढली. तेथे अभ्यासगट व ग्रामसभा यांची कामे निराळी ठेवली आहेत. अभ्यासगटात इच्छुकांनी जमावे, शंका काढाव्यात, बाहेरच्या जाणकारांनाही बोलवावे. मात्र तेथे निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेतच, आणि तोही सर्वसहमतीने. एकमत न झाल्यास विषय पुढे ढकलला जातो. यात वेळ फार जातो, हे खरे. तरीही याच गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले आणि २०१३ मध्ये गावाने ग्रामदानाचा निर्णय घेतला.

याउलट, घरकुलाच्या लाभार्थ्यांची नावे एखाद्याच्या ओसरीवर ठरतात आणि ग्रामसभा केवळ सह्यांपुरती भरते, तेव्हा खाजगी चर्चेचे कारस्थान होते. दोहोंतला फरक चर्चा कोठे झाली यात नसून निर्णय कोठे झाला यात आहे.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मध्येही असाच भेद आढळतो. कलम ८ नुसार मंत्रिमंडळातील विचारविनिमयाच्या नोंदी उघड करण्याचे बंधन नाही. परंतु निर्णय होऊन प्रकरण पूर्ण झाल्यावर तो निर्णय, त्याची कारणे आणि आधारभूत सामग्री जाहीर करावी लागते.