धाव सोळाशे मीटरची, वाट कोणती?

वाशीम : मुंबई-पुण्यात पहाटे धावणारा माणूस दिसला, की तो प्रकृतीसाठी अथवा एखाद्या मॅरेथॉनसाठी धावत असावा, असा आपला समज होतो. वाशीम जिल्ह्यातील खेड्यांच्या रस्त्यांवर पहाटे धावणाऱ्या तरुण-तरुणींपैकी अनेकांचा हेतू मात्र वेगळा असतो. त्यांना पोलीस शिपाई, राज्य राखीव पोलीस दलातील जवान किंवा अग्निवीर व्हायचे असते. त्यांच्यासाठी धावणे हा छंद नसून नोकरीच्या परीक्षेचा पहिला पेपर आहे. हा पेपर कोणत्या वाटेवर सोडवायचा, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात तो जिवाशी निगडित आहे.

अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. २०११च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख असून त्यातील ८० टक्क्यांहून अधिक लोक खेड्यांत राहतात. सोयाबीन आणि तूर ही इथली मुख्य पिके, आणि बरीचशी शेती पावसावर अवलंबून. नीती आयोगाने २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांची यादी जाहीर केली, तेव्हा महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांत वाशीमचा समावेश होता. अशा ठिकाणी खात्रीच्या पगाराची सरकारी नोकरी म्हणजे साऱ्या कुटुंबाचा आधार. भरतीची जाहिरात निघाली, की पहाटेचे रस्ते जागे होतात ते त्यामुळेच.

सेकंदांचा हिशेब

पोलीस शिपाई भरतीच्या शारीरिक चाचणीला ५० गुण असतात. त्यांपैकी २० गुण पुरुषांना १,६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावण्यासाठी मिळतात. उरलेले गुण १०० मीटर धावणे आणि गोळाफेक यांचे. पूर्ण २० गुण हवे असतील, तर पुरुष उमेदवाराने १,६०० मीटर अंतर ५ मिनिटे १० सेकंदांत, तर महिला उमेदवाराने ८०० मीटर अंतर २ मिनिटे ५० सेकंदांत कापावे लागते. दर २०० मीटरला मुलाच्या वाट्याला ३९ सेकंदही येत नाहीत. मुलीच्या वाट्याला साडेबेचाळीस सेकंद येतात. अग्निवीर भरतीतही १,६०० मीटरचीच धाव असते. राज्य राखीव पोलीस दलासाठी हे अंतर ५ किलोमीटर आहे.

सेकंदांवर गुण ठरत असल्याने सरावाचे अंतर अचूक मोजलेले असावे लागते. खेड्यात ४०० मीटरची धावपट्टी नसते; पण डांबरी रस्ता असतो. रस्त्यांवर किलोमीटरच्या दोन दगडांमध्ये दर २०० मीटरला लहान दगड बसविण्याची पद्धत आहे. असे आठ टप्पे पार केले, की १,६०० मीटर पूर्ण होतात. रस्ता सपाट असतो, पावसाळ्यातही त्यावर चिखल होत नाही आणि मोजमापाचा खटाटोप करावा लागत नाही. तरुणाई तिकडे वळते, यात नवल नाही.

डांबरी रस्त्याचा धोका

जानेवारीत या भागात सूर्य सात वाजण्याच्या सुमारास उगवतो. पाच वाजता घराबाहेर पडणारा तरुण जवळपास सगळा सराव अंधारात करतो. त्याच वेळी रात्रभर गाडी चालवून थकलेला चालक त्याच रस्त्याने येत असतो. थंडीत धुक्याची भर पडते. रोही आणि रानडुकरे अचानक आडवी येतात, ती वेगळीच.

या धोक्याची किंमत राज्याने मोजली आहे. जानेवारी २०२५ मध्ये बीड जिल्ह्यातील घोडका राजुरी येथे पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर सराव करणारे तीन तरुण एसटी बसच्या धडकेत मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गडचिरोली जिल्ह्यातील काटली येथे पहाटे व्यायामासाठी रस्त्यावर आलेल्या मुलांना ट्रकने धडक दिली. त्यात चौघांचा बळी गेला. अकोल्याहून मालेगाव, वाशीममार्गे हिंगोलीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग असो की तालुक्यांना जोडणारे राज्यमार्ग, वाशीममधील चित्र याहून निराळे नाही. समृद्धी महामार्गही या जिल्ह्यातून जातो. परंतु त्यावर पादचाऱ्यांना प्रवेशच नाही.

दुसरा धोका सावकाश जाणवतो. पाणी वाहून जावे म्हणून डांबरी रस्ता मध्यभागी उंच आणि कडेला उतरता बांधलेला असतो. रोज एकाच कडेने धावल्यास एक पाय सतत उंचावर व दुसरा खोलगट जागी पडतो. घोटा, गुडघा आणि कंबर यांवर असमान ताण येतो. शिवाय डांबर कठीण असल्याने स्वस्त बुटांतून प्रत्येक पावलाचा हादरा नडगीपर्यंत पोचतो. ऐन भरतीच्या तोंडावर नडगी दुखू लागली, की महिन्यांची मेहनत वाया जाते.

पांदण आणि तिचे ऋतू

रस्त्याला पर्याय गावातच आहे. शिवारातून जाणारी पांदण ही बैलगाडीची जुनी वाट. वाहनांची वर्दळ नाही, माती पावलाला मऊ लागते, दोन्ही बाजूंना धुरे आणि बाभळी. जगातील उत्तमोत्तम लांब पल्ल्याचे धावपटू घडविणारे केनियातील इटेन हे गावही मातीच्या रस्त्यांसाठीच प्रसिद्ध आहे. बीड जिल्ह्यातील मांडवा या खेड्यात वाढलेल्या अविनाश साबळेने २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३,००० मीटर स्टीपलचेस शर्यतीत रौप्यपदक पटकावले. शाळेसाठी रोज कापावे लागणारे अंतर हीच त्याची पहिली तालीम होती.

मात्र, वाशीमची जमीन काळी आहे आणि काळ्या मातीला ऋतूंचा स्वभाव आहे. पावसाळ्यात ती फुगते, बुटांना चिकटते आणि पाऊल घसरते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात; त्यात पाय अडकून घोटा मुरगळतो. म्हणून मुरूम टाकलेली पांदण असेल, तर ती बारमाही उपयोगाची. नुसत्या मातीची असेल, तर दिवाळीपासून होळीपर्यंतचा काळ उत्तम. शेत आणि पाणंद रस्त्यांच्या मजबुतीकरणासाठी राज्य सरकारने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली. तिचा हेतू शेतमाल बाहेर काढणे हा असला, तरी अशा रस्त्याचा लाभ धावणाऱ्यांनाही होतो.

उन्हाचे पथ्य सर्वांत कडक पाळावे लागते. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या ५ किलोमीटर धावण्याच्या चाचणीवेळी काही उमेदवारांचा मृत्यू झाला होता. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भाचा पारा चाळिशीपार जातो. तेव्हा दिवस वर आल्यानंतर वेगाचा सराव टाळावा, पाणी सोबत ठेवावे आणि चक्कर किंवा मळमळ जाणवताच थांबावे.

डांबरी रस्ता वापरणे अपरिहार्यच असेल, तर कमी वर्दळीचा गावरस्ता निवडावा. समोरून येणारे वाहन दिसेल अशा उजव्या कडेने, एकामागे एक धावावे. फिक्या रंगाचे कपडे घालावेत, कानात इयरफोन नसावेत. वेगाची धाव उजाडल्यानंतरच घ्यावी.

प्रश्न २६ गुंठ्यांचा

या सगळ्यांवरील सोपा उपाय जिल्हा परिषद शाळेच्या मैदानावर अथवा गायरानात सापडू शकतो. ५० मीटरच्या दोन सरळ बाजू आणि सुमारे १६ मीटर त्रिज्येची दोन अर्धवर्तुळे आखली, की २०० मीटरची धावपट्टी तयार होते. तिला सुमारे ८२ मीटर लांब व ३२ मीटर रुंद, म्हणजे २६ गुंठ्यांची जागा लागते. बाहेर मोकळी कड सोडली, तरी एक एकर पुरतो. मोजायला फीत आणि आखायला फक्की, एवढेच साहित्य. मुलांनी आठ फेऱ्या माराव्यात, मुलींनी चार.

मुलींसाठी अशा जागेचे मोल अधिक आहे. पहाटेच्या अंधारात निर्मनुष्य रस्त्यावर मुलीला एकटे पाठविण्यास घरचे कचरतात. पांदणही एकांताचीच. त्यामुळे भाऊ किंवा वडील सोबत येऊ शकतील तेवढाच सराव तिच्या वाट्याला येतो. वस्तीलगत, दिव्याच्या उजेडात मैदान असेल, तर आठ-दहा जणी मिळून सराव करू शकतात.

ग्रामपंचायतीने एक दिवा, मुरमाच्या काही ट्रॉल्या आणि वर्षातून दोनदा फक्की एवढी तजवीज केली, तरी त्या गावातील मुलांना अंधारात महामार्ग गाठण्याची गरज उरणार नाही. गणवेशाचे स्वप्न पाहणाऱ्याला परीक्षेच्या मैदानापर्यंत सुखरूप पोचता यावे, यासाठी एवढी जागा फार नाही.