तत्त्वज्ञानाचा तास आणि आमची मुले

बारावीचा निकाल लागला की सेनगाव, कळमनुरी, वसमतकडचे पालक आम्हाला हिंगोलीच्या कोर्टात गाठतात. तारखेचे काम आटोपले की हळूच विचारतात, "जय भीम वकीलसाहेब. पोरानं बी. ए.ला तत्त्वज्ञान घेतलंय म्हणे. त्याचं पुढं काय होतं?" प्रश्न रास्त आहे. हळद काढणीच्या मजुरीवर ज्यांनी लेकरू शिकवले, त्यांना हिशेब मागण्याचा हक्क आहे. वाईट याचे वाटते की खुद्द लेकराकडेही उत्तर नसते. "विषय सोपा आहे, गाईडवर निघतो," एवढेच तो सांगतो.

हे गाईड काय करते ते पाहा. परीक्षेत 'चार आर्यसत्ये स्पष्ट करा' असा प्रश्न येतो. आमचा विद्यार्थी दुःख, दुःखसमुदय, दुःखनिरोध आणि मार्ग असे चार मथळे टाकून दोन पाने भरतो. गुणही मिळतात. त्याच्याच घरी कपाटात बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' असतो. मूळ इंग्रजी ग्रंथ १९५७ साली, महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रास्ताविकात बाबासाहेब चार कोडी मांडतात. त्यांतले एक कोडे नेमके हेच आहे. ही आर्यसत्ये तथागतांच्या मूळ शिकवणीतली, की भिक्खूंनी मागाहून घातलेली? जगणे दुःख, मरणे दुःख, पुनर्जन्मही दुःख असेल, तर माणसाला आशा कुठे उरली? दुसरे कोडे असे की, आत्मा नाही म्हणता, तर कर्म आणि पुनर्जन्म यांची सांगड कशी घालता? ज्या धम्माची दीक्षा १९५६ मध्ये लाखोंना दिली, त्याच धम्माला हा महापुरुष इतके कठोर प्रश्न विचारतो. आणि आम्ही त्या ग्रंथाला हार घालतो, प्रास्ताविक मात्र उघडत नाही! विद्यार्थी मित्रांनो, तुमचा अभ्यास या चार कोड्यांपासून सुरू करा. प्रत्येकावर स्वतःचे एक पान लिहा. पटले काय, अडले कुठे, ते नोंदवा.

बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकायला गेले, पण तिथे जॉन ड्यूई या तत्त्वज्ञाच्या वर्गातही बसले. 'जातिनिर्मूलन' या १९३६ च्या भाषणात त्यांनी ड्यूईंचा उल्लेख आपले गुरू म्हणून केला आहे. पुढे मराठवाड्यात महाविद्यालय उभारले, तेव्हा त्याला नाव दिले मिलिंद आणि परिसराला नागसेनवन. मिलिंद हा ग्रीक राजा. नागसेन त्याला वादापूर्वीच बजावतात की, पंडितांच्या रीतीने बोलणार असाल तर बोलू, राजांच्या रीतीने नाही. पंडित वादात हरला तरी रागावत नाही, राजा मात्र विरोध करणाऱ्याला शिक्षा फर्मावतो. ज्या मराठवाड्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८ ला होऊनही अंमलाला १९९४ उजाडले, मधल्या काळात आमची घरे जळली, माणसे गेली, तिथे या दोन रीतींतला फरक वेगळा समजावून सांगायला नको.

कुणी म्हणेल, ही मोठ्या शहरांची विद्या, हिंगोलीला तिचे काय? आमच्या जिल्ह्यात नरसी हे संत नामदेवांचे गाव, आणि औंढा नागनाथही इथलेच. परंपरा सांगते की औंढ्याच्या देवळात विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडले होते. नामदेव चिडले. विसोबा म्हणाले, जिथे देव नाही तिथे माझे पाय ठेव. नामदेवांना अशी जागा सापडेना. आम्ही बौद्ध आहोत, आमचा ईश्वरावर विश्वास नाही. पण ही कथा युक्तिवाद म्हणून तपासा. विसोबा समोरच्याचेच गृहीतक घेतात, 'देव सर्वत्र आहे', आणि त्यातूनच त्याचा राग निराधार ठरवतात. न्यायदर्शनात याच पद्धतीला तर्क म्हणतात, आणि उलटतपासणीत आम्ही रोज तेच करतो.

कोर्टाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. साक्षीदार 'असे लोक म्हणतात' एवढेच बोलला, तर न्यायाधीश ते पुराव्यात घेत नाहीत. पाहिले असेल तर पाहणाऱ्याने, ऐकले असेल तर ऐकणाऱ्याने सांगावे, हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. बौद्ध तर्कपंडित दिङ्नागांनी प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोनच प्रमाणे मानली. शब्दाला, म्हणजे ग्रंथवचनाला, स्वतंत्र प्रमाण मानायला नकार दिला. त्याआधी तथागतांनी कालामांना सांगितले होते की परंपरा आहे, ग्रंथात आहे, गुरू सांगतो, एवढ्यावर काही स्वीकारू नका. आमचे वक्ते हा उपदेश सभांतून सांगतात, पण त्यातले एक कलम गाळतात. नुसत्या तर्काला पटते म्हणूनही स्वीकारू नका, असेही तथागत म्हणाले होते. ज्यातून अकुशल निपजते ते सोडा, कुशल निपजते ते धरा, आणि हे स्वतः जाणून करा.

आता एक कडू गोष्ट. आमच्यातली काही मुले शंकराचार्य किंवा गीता आली की पान उलटतात. "ते आपले नाही," म्हणतात. बाबासाहेबांनी गीतेवर कठोर टीका केली ती वाचून केली, पान उलटून नव्हे. जुन्या वादपद्धतीत पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाची बाजू, त्याला मान्य होईल इतक्या प्रामाणिकपणे आधी मांडावी लागे. विरोधी वकिलाची फाईल न वाचता उभा राहणारा वकील पाच मिनिटांत बसतो.

पुस्तके मराठीत आहेत. दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला 'मराठी तत्त्वज्ञान महाकोश', ग. ना. जोशींचा पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा इतिहास, श्रीनिवास दीक्षितांचे 'भारतीय तत्त्वज्ञान'. मराठी विश्वकोशातल्या नोंदी तर मोबाईलवर फुकट वाचता येतात. शासनाने छापलेल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी खंडांतला तिसरा खंड शब्दकोश जवळ घेऊन रोज एक पान वाचा. विषय आणि इंग्रजी दोन्ही सुधारेल.

पालकांच्या प्रश्नाला मात्र सरळ उत्तर दिले पाहिजे. महाविद्यालयांत या विषयाच्या जागा मोजक्या आहेत, आणि तत्त्वज्ञान शिकून तासिका 'तत्त्वा'वर वर्षे काढणारे बरेच. म्हणून एकाच दारावर बसू नका. पदवीनंतर तीन वर्षांच्या एलएल. बी.ची सीईटी आहे, नेट आहे. यूपीएससीला हा वैकल्पिक विषय ५०० गुणांचा असून त्यात बौद्ध दर्शनही आहे आणि जातिभेदावरचा गांधी-आंबेडकर वादही. परदेशी जायचे असेल तर अटी आधी वाचा. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीतून २०२२ मध्ये भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यासाचे विषय वगळले गेले. म्हणजे जातीच्या प्रश्नावर कोलंबियात बसून विचार करायचा तर आमच्या मुलाला या योजनेतून वाट नाही. यावर संघटनांनी निवेदनापलीकडे काही केले पाहिजे.

नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीला भारतीय ज्ञानप्रणाली हा विषय आणला आहे. त्याला आमचा विरोध नाही. फक्त त्या तासाला हात वर करून विचारा की यात नागार्जुन, दिङ्नाग, धर्मकीर्ती किती आहेत? चार्वाक आहे का? महात्मा फुले आहेत का?

गावोगावच्या विहारांत रविवारी वंदना झाल्यावर तासभर सहज मिळतो. निवृत्त शिक्षक असतात, आमच्यासारखे वकील येऊ शकतात. एका मुलाने पूर्वपक्ष मांडावा, दुसऱ्याने उत्तर द्यावे, बाकीच्यांनी शंका काढाव्यात. सुरुवात चार्वाकापासून करावी. त्याचा मूळ सूत्रग्रंथ आज मिळत नाही, त्याची बाजू बहुतेक विरोधकांच्या खंडनातूनच कळते. आ. ह. साळुंखे यांचे 'आस्तिकशिरोमणी चार्वाक' सोबत ठेवावे. आरोपीचे म्हणणे फिर्यादीच्या तोंडूनच नोंदवलेला हा खटला आहे, तेव्हा मुलांना उलटतपासणीला भरपूर वाव मिळेल.