पन्नासदा मुंबई-पुणे आणि एक वीत

चला, नागपुरात झीरो माईलच्या खांबापाशी उभे राहू. अंतर मोजायला याहून चांगली जागा कुठली? इथून लंडन सुमारे 7,400 किलोमीटर. म्हणजे मुंबई-पुणे पन्नास वेळा! आणि रेडिओची लहर ही मजल मारते सेकंदाच्या चाळिसाव्या हिश्शात. पापणीसुद्धा लवत नाही!

आता 3 सप्टेंबर 1939. दुसरं महायुद्ध पेटलंय आणि लंडनमध्ये रेडिओच्या मायक्रोफोनसमोर भाषणाला उभा आहे ब्रिटनचा राजा सहावा जॉर्ज. त्याच्या प्रजेत एकट्या अखंड हिंदुस्थानचे सुमारे 39 कोटी लोक. एका गाडीत दीड हजार माणसं बसवा, लागतील 2 लाख 60 हजार गाड्या! अर्ध्या-अर्ध्या किलोमीटरच्या या गाड्या एकामागे एक लावा, पृथ्वीला तीन वेढे घालून वर उरतील! आणि एवढ्यांच्या बादशहाची जीभ अडखळते.

बोलायला हवा लागते, आणि माणूस दिवसाला सुमारे 10 हजार लिटर हवा ओढतो. अख्खा टँकर! तीन आठवड्यांत 2 लाख लिटरची विहीर काठोकाठ. विहीरभर हवा आत जाते, पण एक शब्द बाहेर पडत नाही.

लायोनेल लोग हा ऑस्ट्रेलियन शिक्षक 1926 पासून जॉर्जला श्वास धरायला, सोडायला शिकवत होता. त्यानं भाषणाच्या कागदावर थांबायच्या जागी रेघा मारल्या. शब्द साधारण 400. आपण तीन मिनिटांत संपवू. राजाला साडेपाचांवर लागली. पण भाषण पुरं झालं!

यावरच 2010 मध्ये ‘द किंग्ज स्पीच’ हा चित्रपट आला. लेखक डेव्हिड सायडलर लहानपणी स्वतः अडखळत असे. चार ऑस्कर! कमाई 40 कोटी डॉलरच्या वर, तेव्हाच्या भावानं 1,800 कोटी रुपये. शंभराच्या नोटा रचा, 18 किलोमीटर उंच! एव्हरेस्टवर एव्हरेस्ट!

शंभरात एक माणूस असा अडखळतो. 2011 च्या जनगणनेत नागपूर 24 लाखांचं, म्हणजे 24 हजार माणसं. जामठ्याचं स्टेडियम निम्मं भरेल! जगात 8 कोटी. तशी पावणेअठराशे स्टेडियमं, तीही खचाखच!

आणि या सगळ्यांना कापायचं अंतर किती? कंठापासून ओठांपर्यंत, जेमतेम 17 सेंटिमीटर. पुरती वीतसुद्धा नाही! लहर लंडनहून नागपूर गाठते पापणी लवायच्या आत, आणि या वितीसाठी राजाला लागली 13 वर्षं.

उद्या तिकीट खिडकीवर पुढचा माणूस ‘ना... ना...’ वर अडला, तर ‘नागपूर’ म्हणून त्याचं वाक्य पुरं करू नका. थांबा. तो फार लांबून येतोय.